प्रेमाची सबब आता पुरे

‘प्रेम होतं हो पोराचं. वेडा झाला होता तिच्यापायी.’ या आठवड्यात हे वाक्य टीव्हीवर ऐकलं, बसमध्ये ऐकलं, आणि मस्तकात तिडीक गेली. नकार दिलेल्या मुलीचा पिच्छा पुरवणाऱ्या पोराची बातमी सगळ्यांनी वाचली आहे, ती पुन्हा सांगत नाही. मुलीनंच काही केलं असेल, वय असतं असं, हेही लोक बोललेच. त्यावर शाई घालवायची नाही. पण प्रेमाच्या या सबबीचा हिशेब एकदा व्हायला हवा.

प्रेम होतं, तर ती स्पष्ट नाही म्हणाल्यावर तो थांबला का नाही? तिनं नंबर बदलला की मैत्रिणीकडून नवा काढायचा, ती रस्ता बदलते हे पाहून त्याही रस्त्यावर उभं राहायचं. तिच्या चेहऱ्यावरची भीती दिसत असूनही ज्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटतं, त्याला तिची काळजी कुठली? 1990 साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात एका मुलीला जाळलं, 2020 मध्ये हिंगणघाटच्या चौकात एका तरुण प्राध्यापिकेला. मधल्या तीस वर्षांत आपण ही सबब टाकली नाही. सिनेमाचा विषय मी नेहमी काढतो, आजही काढतो: पाठलाग हा 2013 मध्ये स्वतंत्र गुन्हा झाला आणि त्याच वर्षी ‘रांझणा’तल्या पिच्छा पुरवणाऱ्या नायकासाठी आपण डोळे पुसले.

‘वेडा झाला होता’ हेही तपासून पाहा. ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ पॉल मलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये पाठलाग करणाऱ्यांचे पाच प्रकार मांडले. कुणी झिडकारला गेलेला, कुणी जवळीक शोधणारा, कुणाला ओळख वाढवायची रीतच न कळणारी, कुणी सूडानं पेटलेला, कुणी सावज हेरणारा. प्रत्यक्ष हल्ल्याची भीती सर्वांत जास्त असते ती पहिल्याकडून, म्हणजे पूर्वीचा नवरा किंवा प्रियकर. तो बहुतेक वेळा भ्रमिष्ट नसतो. नोकरीला जातो, सणाला घरी पेढे आणतो.

म्हणून ती पोलीस चौकीत तक्रार घेऊन आली, तर त्याच्या भावना विचारू नका. पूर्वी संबंध होते का, धमकी दिली का, घरापर्यंत आला का, आधी हात उचलला होता का, दारू पितो का, हे विचारा. ‘मी जीव देईन, तुलाही जगू देणार नाही’ म्हणणाऱ्याला गमवायला काही उरलेलं नसतं. तिथे एक दिवसही दवडू नये. आणि ‘एकदा भेटून मिटवून टाका’ सांगणाऱ्या काकांनी कृपा करून घरी बसावं. चाळीस फोननंतर एक भेट मिळाली, तर चाळीस फोन केले की भेट मिळते, एवढंच तो शिकतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये पाठलागाच्या गुन्ह्याला तीन अपवाद आहेत. त्यांत प्रेम नाही. पण पहिल्या वेळी गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे तक्रार झाल्यावर चिडलेला माणूस संध्याकाळी पुन्हा तिच्या गल्लीत येऊ शकतो. हे बदलायला हवं. संसदेला सवड होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या घरातल्या मुलाला नकार पचवायला शिकवा. त्यासाठी कुठल्या अधिवेशनाची वाट पाहताय?