जात्याची तळी



अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. कर्जापोटी कोणाच्या जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण तो त्याचा जीवच गहाण घेतल्यासारखे होते. घरे, शेते गहाण पडतच असत. नहेम्याच्या काळी दुष्काळात लोकांनी धान्यासाठी ती गहाण टाकली होती. पण उद्याचे पीठ ज्यावर दळायचे, ते जाते तरी घरात राहावे, ही देवाची काळजी.

पूर्वी गावठाणातल्या घरावर बँक सहजी कर्ज देत नसे. २०२० साली स्वामित्व योजना आली, ड्रोनने मोजणी होऊन गावोगावच्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या आणि घर तारण ठेवणे सोपे झाले. चांगलेच झाले. मुलीचे नर्सिंग, घरातले आजारपण, गरजा खऱ्याच असतात. पण हप्ता जड झाला की आपल्या किकवीकरांचा हात आधी कुठे जातो? पीएफकडे! शिरवळच्या कंपनीत वीस-पंचवीस वर्षे राबून साठवलेले एका अर्जात बरेचसे रिकामे होते.

आपले जाते ते हेच. कायद्याने पीएफ खात्यातली रक्कम कर्जासाठी कोर्टालाही जप्त करता येत नाही. जे सावकार नेऊ शकत नाही, ते आपणच नेऊन देतो. मागे उरते पेन्शन. २०१४ मध्ये तिची किमान रक्कम महिना १,००० रुपये ठरली. त्यात किराणा तरी येतो का?

मग हप्त्याचे काय करावे? कर्ज घेतानाच मुदत निवृत्तीच्या आत संपेल असे पाहू. पाच लाख, ११ टक्के, पंधरा वर्षे: हप्ता सुमारे ५,६८० आणि एकूण फेड दहा लाखांवर. तेच दहा वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १,२०० रुपयांनी वाढतो, पण जवळजवळ दोन लाख वाचतात. बोनस आला की मुद्दलात भरू. घरगुती कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांनी घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अडचण आली तर ९० दिवस थकायच्या आत बँकेत जाऊन मुदत वाढवून मागू. त्यानंतर खाते थकीत ठरते, मग ६० दिवसांची नोटीस येते. लाजेने घरी बसून राहणे सर्वांत महाग पडते.

लूकच्या शुभवर्तमानातला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आपण घरच्यांना घेऊन बसू. कितीतरी घरांत कर्जाच्या कागदावर बाईची सही असते, आणि कर्ज किती ते तिलाच ठाऊक नसते.