स्वाध्यायाला साक्षी कोण?

गुरुगृहीचे अध्ययन पुरे करून शिष्य घरी निघाला आहे, त्या वेळी आचार्य त्याला काय सांगतात ह्याचे वर्णन तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आले आहे. सत्य आणि धर्म ह्यांच्या जोडीलाच स्वाध्याय आणि प्रवचन ह्यांत हयगय करू नकोस, असे ते त्याला बजावतात. ह्या उपदेशाची वेळ ध्यानात घेण्याजोगी आहे. पाठ संपले, संथा झाली, आता शिकावयाचे काही उरले नाही, असे ज्या दिवशी वाटावे नेमक्या त्याच दिवशी आचार्य शिकत राहण्याची आठवण देतात. दुसरी गोष्ट अशी की, स्वतः शिकणे आणि दुसऱ्यास शिकविणे ही दोन कर्तव्ये तेथे वेगळी काढलेली नाहीत. एका दमात ती उच्चारली आहेत. त्याच वल्लीत थोडे आधी ऋत, सत्य, तप, दम, शम, अग्निहोत्र, अतिथिसेवा अशी कर्तव्ये मोजताना प्रत्येकाच्या मागे ही जोडी पुन्हा पुन्हा येते. आणि ही दोन म्हणजेच तप, असे नाक मौद्गल्य नावाच्या ऋषीचे मत शेवटी नोंदलेले आहे. आमच्या शालेय पुस्तकांनी मात्र 'स्वाध्याय' हा शब्द धड्याखालच्या प्रश्नांना देऊन टाकला. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, की स्वाध्याय झाला! माणसांप्रमाणे शब्दांचीही कधीकधी पदावनती होते.

हे आठवण्यास कारण घडले ते असे. शिक्षक आणि ग्रंथपाल ह्यांनी नोकरीत असतानाही शिकत राहावे, ह्यासाठी गेल्या काही वर्षांत आपल्या देशात मोठी यंत्रणा उभी राहिली आहे. ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' हे दूरस्थ अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात शाळांसाठी 'दीक्षा' आले. २१ ऑगस्ट २०१९ रोजी सुमारे ४२ लक्ष शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवून 'निष्ठा' हा उपक्रम निघाला, आणि महामारीत शाळा बंद पडल्यावर २०२० च्या ऑक्टोबरपासून त्याचे अठरा भाग ऑनलाइन दिले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी निदान ५० तास अशा अभ्यासाला द्यावेत, असे सुचविले. महाविद्यालयांतील अध्यापक आणि ग्रंथपाल ह्यांच्या बढतीचा संबंध तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी उजळणीवर्गांशी आणि अशा अभ्यासक्रमांशी जोडूनच दिला आहे. स्वयम्, दीक्षा, निष्ठा! नावे वाचून एखाद्या मठाच्या परंपरेचीच आठवण व्हावी. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ती बेतली आहेत, ही गोष्ट निराळी.

ही सोय लहान नव्हे. सत्तरीच्या किंवा खानापूरच्या रानातल्या एकशिक्षकी शाळेतील बाईंना, अथवा इंदूर-ग्वाल्हेरकडील एखाद्या जुन्या मराठी वाचनालयाच्या ग्रंथपालांना पूर्वी असे काही शिकावयाचे म्हणजे रजा, प्रवासखर्च आणि परगावी राहण्याची विवंचना आलीच. आज तेच व्याख्यान त्यांच्या ओटीवर येऊन उभे राहते. ह्याबद्दल कृतज्ञता बाळगूनच पुढचे लिहावयाचे आहे.

पुढचे ते असे. चित्रफीत चालू करून फोन फळीवर ठेवावयाचा आणि आपण पोळ्या लाटावयाच्या किंवा वह्या तपासावयाच्या. शेवटची प्रश्नावली आली की व्हॉट्सॲपच्या गटात फिरत आलेली उत्तरे पाहून खुणा करावयाच्या. प्रमाणपत्र उतरवून घेऊन वरिष्ठांकडे धाडावयाचे. सर्वच असे करतात असे नव्हे. मन लावून शिकणारेही पुष्कळ आहेत. पण ही रीत शिक्षकांच्या खोलीत कोणी लपवीतही नाही, आणि तिला असत्य म्हटले तर ऐकणाऱ्यास ते फार जड वाटते. हे असत्य आहे काय? असेल तर ते कोणाशी?

शिक्षकाच्या बाजूने जे सांगता येते ते दुबळे नाही. जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण ही कामे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमानेच त्याच्या पदरी ठेवली आहेत. त्याशिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज मागविली जाणारी माहितीपत्रके आहेतच. दिवस असा सरल्यावर रात्री दहा वाजता त्याने शिकावयास बसावयाचे. शिकावयाचे तेही पुष्कळदा असे असते की, पंचवीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसाने ते ऐकून फक्त जांभई द्यावी. ग्रंथपालाची कथा ह्याहून दैन्याची. खेड्यातल्या लहान वाचनालयाचा ग्रंथपाल ज्या मानधनावर काम करतो, त्याला वेतन म्हणणे धाडसाचे होईल. त्याच्याकडून अद्ययावत ज्ञानाची अपेक्षा करणाऱ्यांनी त्याच्या वाचनालयात वीज असते की नाही, हे आधी पाहावे. जो न्याय मागावयास येतो त्याचे हात स्वच्छ असले पाहिजेत, असे आमच्या न्यायालयांत एक जुने तत्त्व आहे. शिकण्यासाठी वेळ न देता शिकल्याचा दाखला मागणाऱ्या खात्याचे हात ह्या कसोटीवर स्वच्छ ठरत नाहीत, असेच आम्हांस वाटते.

तरी पण प्रश्न येथे मिटत नाही. खाते आणि शिक्षक ह्यांच्यातील व्यवहार पाहिला तर दोघेही तृप्त आहेत. खात्यास आकडा मिळाला. शिक्षकास दाखला मिळाला, कदाचित वेतनवाढही. फसविले गेल्याची कोणाचीच तक्रार नाही. परंतु वकिलीच्या धंद्यात असा एक अनुभव वारंवार येतो की, दोन्ही पक्ष हसत हसत तडजोडीवर सही करतात तेव्हा, ज्याचे नाव कागदावर नाही असा कोणी तिऱ्हाईत त्यात बुडालेला नाही ना, हे पाहावे लागते. येथे तो तिऱ्हाईत म्हणजे वर्गातले मूल आणि वाचनालयाच्या मेजापाशी उभा असलेला वाचक. प्रमाणपत्र हा पुरावा आहे, आणि पुरावा म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. अमुक चित्रफीत अमुक मिनिटे चालली, एवढेच तो सांगतो. ती पाहणाऱ्याच्या डोक्यात काय उरले, हे पुढे त्या तिऱ्हाइताच्याच वाट्यास येते.

त्याचे नुकसान कसे होते हे दाखविण्यास एक साधे उदाहरण पुरे आहे. वाचनालयांच्या सूची आता संगणकावर गेल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ रोमन लिपीत भरल्या गेल्या. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द त्या लिपीत कोणी 'डी'पासून लिहितो, कोणी 'जे'पासून, तर हिंदीच्या सवयीचा एखादा 'जी'पासून. ज्याने सूचिकार्य नीट शिकून घेतले आहे त्याला एका नावाची अशी सारी रूपे परस्परांशी बांधून ठेवावी लागतात, हे ठाऊक असते. त्यासाठी रीतसर शास्त्र आहे आणि ते घरबसल्या शिकता येते. ज्याने ते शिकल्याचा नुसता दाखला मिळविला आहे त्याच्या वाचनालयात ज्ञानेश्वरीच्या सात प्रती कपाटात असतात आणि यंत्र 'नाही' म्हणते. आमच्या गोव्यात तर ही अडचण दुप्पट. कोंकणी देवनागरीत आहे, रोमनमध्ये आहे, सीमेपलीकडे कानडी लिपीतही आहे. तीन लिप्यांत वाटले गेलेले एकच साहित्य वाचकापुढे एकत्र ठेवणे हे काम विद्वान लेखक करीत नाहीत. ते सूची लिहिणारा ग्रंथपालच करतो, किंवा कोणीच करीत नाही. 'नाही' हे उत्तर ऐकून वाचक भांडत नाही. पुस्तकच नसेल, असे समजून तो निमूटपणे घरी जातो.

हा निमूटपणा हेच ह्या प्रश्नाचे मर्म आहे. आमच्याच धंद्याचे पाहा. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली एकदा सनद मिळाली की पुढे ठराविक वर्षांनी अभ्यासाचा दाखला आणून दे, असे कोणी वकिलास म्हणत नाही. आरंभी एक परीक्षा असते तेवढीच. तरी १ जुलै २०२४ रोजी १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्यायसंहिता अमलात आली तेव्हा, नव्या कलमांचे आकडे घोकीत पांढऱ्या केसांचे वकील रात्री जागले. ते काही आमच्या सद्गुणामुळे नव्हे. समोर प्रतिपक्षाचा वकील उभा असतो आणि वर न्यायाधीश बसलेले असतात. अज्ञान भर न्यायालयात उघडे पडते आणि दुसऱ्या दिवशी पक्षकार कागद परत मागतो. कीर्तनकाराचीही गत तीच. सभामंडपात पुढे बसलेल्या वृद्ध बायकांना आख्यान पाठ असते. उत्तररंगात एखादा दुवा निसटला की त्यांच्या भुवया वर जातात. ह्या दोघांच्या स्वाध्यायाला साक्षी आहेत.

शिक्षकापुढे असा साक्षी नाही. अपूर्णांक समजावून देण्याची रीत गुरुजींनी कधी नीट शिकून घेतली नाही, म्हणून आपल्याला गणित कळत नाही, असे नऊ वर्षांचे मूल म्हणत नाही. आपण मंद आहोत, असेच ते मानते. आणि कधीकधी जन्मभर मानते. शिकविणाऱ्याच्या अज्ञानाचा दंड शिकणारा भरतो, आणि तो दंड आहे हेही त्यास कळत नाही. प्रशिक्षणाच्या वर्गात पूर्वी निदान समोर व्याख्याता आणि शेजारी सहाध्यायी असे. ऑनलाइन शिकताना तेही उठून गेले. उरला तो एकटा आणि त्याचा फोन. चित्रफीत पाहिली अशी खूण तो पडद्यावर करतो तेव्हा त्या खुणेचे मोल शपथपत्राइतके असते, कारण त्या वस्तुस्थितीचा दुसरा जाणकार जगात कोणी नसतो.

मग कायद्याने अधिक कडक व्हावे काय? १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा आवश्यक ठरविली. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी आहे अशांना तीसाठी दोन वर्षांची मुदत दिली, आणि अल्पसंख्याक संस्थांविषयीचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. वीस-वीस वर्षे शिकवून झालेल्यांची ह्याने झालेली घालमेल समजण्यासारखी आहे. निकालामागील विचारही समजण्यासारखा आहे. मुलाच्या बाजूने बोलणारे कोणी तरी हवेच होते. पण परीक्षा झाली तरी ती किमान पातळी ठरवील. कायदा माणसास वर्गात आणून बसवू शकतो. त्याचे अवधान त्यास जप्त करता येत नाही. दहा मिनिटांनी 'आपण तेथे आहात काय?' असे पडद्यावर विचारणारी युक्ती निघाली, तर तिला 'आहे' असे उत्तर देणारी युक्ती दुसऱ्या दिवशी निघेल.

जबरीने जे साधत नाही ते कसे साधते, ह्याचे एक उदाहरण ग्रंथपालांच्याच इतिहासात आहे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने गणिताचे एक अध्यापक ग्रंथपाल म्हणून नेमले. त्यांचे नाव शि. रा. रंगनाथन. ग्रंथालयाच्या कामाचे त्यांनी काही शिक्षण घेतलेले नव्हते, आणि त्या शांत दालनात ते इतके कंटाळले की आपल्याला पुन्हा वर्गावर पाठवा, अशी गळ त्यांनी लवकरच घातली. त्यांना इंग्लंडास धाडण्यात आले. लंडनमध्ये ते शिकले ते ठीकच. पण त्याहून मोलाचे म्हणजे तेथील कितीएक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली, आणि एका दुकानात जुळणीच्या खेळण्याचे सुटे भाग पाहताना पुस्तकांच्या वर्गीकरणाची नवी कल्पना त्यांना सुचली. परत आल्यावर १९२९ साली मद्रासेत ग्रंथपालांचा वर्ग निघाला, १९३१ साली त्यांची पाच सूत्रे प्रसिद्ध झाली. जो नाखुशीने आला होता तो जन्मभर शिकत आणि शिकवीत राहिला. त्यांची प्रतिभा सर्वांना येणार नाही. परंतु विद्यापीठाने त्यांना वेळ दिला होता आणि हिंडून पाहण्याची मोकळीक दिली होती, हे विसरू नये. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ह्याआधी तेच केले होते. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन ह्यांना बोलावून त्यांनी राज्यभर ग्रंथालये उभारण्याचे काम हाती घेतले, आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग सुरू झाला. ग्रंथालये आणि ग्रंथपालांचे शिक्षण हे एकाच खर्चाचे दोन भाग आहेत, हे त्या राजाला कळले होते. 'लायब्ररी मिसेलनी' हे तेथून निघालेले नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे, हेही येथे सांगण्याजोगे.

आपल्याकडे राजे उरले नाहीत. देवस्थाने आहेत, आणि त्यांपैकी काहींपाशी वेळ आणि जागा दोन्ही आहेत. अग्रशाळेतील एखादी खोली आठवड्यातून एका सायंकाळी उघडावी. आसपासच्या शाळांतले चारपाच शिक्षक, वाचनालयाचा ग्रंथपाल, जमल्यास पाठशाळेचे शास्त्री अशांनी एकत्र बसून एकच पाठ पाहावा. मध्येच तो थांबवून भांडावे. व्याख्यात्याचे जे पटणार नाही ते खोडून काढावे. प्रमाणपत्रे ज्याची त्याने हवी तर घ्यावीत. शाळेच्या चालकांनी त्या दिवशी तासभर आधी सुट्टी दिली तर फारच उत्तम. न दिली तर मंडळी दिवेलागणीनंतर येतील. पुढच्या खेपेस आरंभी प्रत्येकाने, मागच्या पाठातले वर्गात किंवा सूचीत आपण काय करून पाहिले आणि ते कोठे फसले, एवढे सांगावे. ह्यास लागणारा खर्च म्हणजे एक पडदा, आंतरजालाची जोडणी आणि चहा.