सामायिक शिवणखोली आणि अस्तेय

शिलाई मशीन, कात्र्या, रंग एकाच खोलीत सर्वांसाठी ठेवले, की त्यांच्या मांडणीचा प्रश्न नीतीचा होतो. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचा, अर्थ व्यापक केला: गरजेपेक्षा जास्त घेणे हीदेखील चोरीच. या कसोटीवर, कापडाची कात्री कागदावर चालवून बोथट करणारा पुढच्या माणसाची धार चोरतो. बॉबिन रिकामी सोडून जाणारा त्याचा वेळ. म्हणून प्रत्येक वस्तूची जागा ठरवणे ही नुसती टापटीप नव्हे, ते व्रतच आहे. कलेला पसारा लागतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. अर्धी गोधडी रोज उचलावी लागली, तर ती पुरी होणे कठीण. त्यासाठी प्रत्येकाला स्वतःचा एक कप्पा जरूर द्यावा. सामायिक कात्री तेवढी त्यात कुणी ठेवू नये.