मानाच्या जागी काम

लग्नातून विधी वगळायचे ठरवले की घरातली निम्मी माणसं एकदम रिकामी होतात. भाचीच्या लग्नाची तयारी सुरू झाल्यापासून हे मी रोज बघते आहे. मामाने मुलीला हाताला धरून बोहल्यापर्यंत आणायचं, करवलीने कलश घेऊन मागे उभं राहायचं, काकूने ओट्या भरायच्या, भावाने नवरदेवाचा कान पिळायचा. प्रत्येकाचा मान ठरलेला. भटजी नको, होम नको, कन्यादान नको असं म्हटलं की त्याबरोबर हे मानही जातात. मग घरात कुरबुर सुरू होते. वरवर ती धर्मासाठी वाटते, पण नीट कान देऊन ऐकलं तर बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: मग मी काय करायचं?

भाचीने आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने याला जे उत्तर काढलं ते मला मनापासून पटलं. ज्याचा मान जाईल त्याला काम द्यायचं, आणि तेही हाताने करायचं काम. विकत आणलेलं सामान शक्य तितकं कमी.

मुलगा वसईचा, ख्रिस्ती घरातला. दोघांचंही मत पक्कं आहे की ना चर्चमध्ये, ना मंडपात होमापुढे. अशा जोडप्यांसाठी आपल्याकडे विशेष विवाह कायदा आहे, 1954 चा. त्याच्याआधी 1872 चा कायदा होता. त्याखाली हिंदू-ख्रिस्ती जोडप्याला लग्न करायचं तर आपण कुठलाच धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागे. 1954 मध्ये ती अट गेली. आता दोघांपैकी एकाने तरी जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, तीस दिवस हरकतीची वाट बघावी लागते आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावावं लागतं. ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. आमच्यासारख्या राजीखुशीच्या घराला त्याचं काही वाटत नाही, पण घरच्यांचा विरोध पत्करून लग्न करणाऱ्यांना हे तीस दिवस जीव मुठीत धरून काढावे लागतात. आणि एकाच लिंगाच्या जोडप्यांना तर या कायद्याचं दारच बंद आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उघडायला नकार दिला. आमच्या घरच्या आनंदात मला याची आठवण राहते.

पण याच कायद्याचं कलम 12 मी वाचलं आणि थक्क झाले. लग्न तुम्हाला आवडेल त्या पद्धतीने करा, असं ते सांगतं. अट एकच. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना, दोघांनाही समजेल अशा भाषेत, मी तुझा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो किंवा करते, एवढं म्हणायचं. त्या वाक्याच्या मागेपुढे काय असावं याबद्दल सरकार गप्प आहे. वाजवी अंतरात असेल तर जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला तुमच्या जागी बोलावताही येतं. हे अनेकांना ठाऊक नसतं. दोघं हिंदू असतील तर विधी न करता पार्टी करू आणि मग हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवून टाकू, असा बेत पुष्कळ जण करतात. तो कायदा मात्र रूढीप्रमाणे विधी झालेले असावेत अशी अपेक्षा धरतो. ज्यांना विधी नकोत त्यांनी तीस दिवसांची वाटच धरावी.

बिनविधीच्या लग्नाची आपली परंपरा लहान नाही. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला, पुरोहिताशिवाय. त्या पद्धतीत निर्मिकाला, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याला, जागा आहे, तेव्हा आजच्या अर्थाने ती पूर्ण निधर्मी म्हणता येणार नाही. पण जोतीरावांनी मराठीत रचलेल्या मंगलाष्टकांमध्ये वधू-वर स्वतः बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांचा विषय काढते आणि वर त्या हक्कांसाठी झटण्याचा शब्द देतो. 1954 च्या कायद्याच्या कितीतरी वर्षं आधी!

नंतरच्या काळात ध्येयवादी घरांमध्ये नोंदणी पद्धतीचं साधं लग्न रूढ झालं. सुनीताबाई आणि पु. ल. देशपांडे यांचं लग्न 12 जून 1946 रोजी रत्नागिरीत असंच झालं आणि त्याला आठ आणे खर्च आला, ही गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. त्या साधेपणाबद्दल मला नितांत आदर आहे. तरी एक वाटतं. सही, हार, पेढा आणि घरी, असं लग्न आटोपलं की विधींबरोबर खेळही जातो, आणि खेळ घालवण्याचं काही कारण नव्हतं. मराठी लग्नातला हशा कधी पोथीतून आलेला नाही. कान पिळणं, जोडे पळवणं, उखाणे, घास भरवताना हुलकावणी देणं, एका हाताने सुपारी सोडवण्याचे खेळ, विहिणींना गाण्यातून काढलेले चिमटे, यांतल्या कशालाही मंत्र लागत नव्हता. हे सगळं बायकांनी आणि पोरांनी वाढवलेलं आहे. होम विझवला तरी ते जागच्या जागी राहतं. म्हणून आमच्याकडे कान पिळला जाणार आहे, आणि मुलाच्या बहिणीने आमच्या मुलीचाही पिळायचा असं ठरलं आहे.

आता अंतरपाट. बाजारात तो भरजरी मिळतो, दोघांची नावं आणि तारीख भरतकामात घालून. भाचीने ठरवलं की दोन्ही घरांतल्या जुन्या लुगड्यांची एक पातळ गोधडी शिवायची आणि तीच धरायची. आमच्या आईचं इरकली, ताईच्या सासूबाईंचं नऊवारी, वसईच्या आजीचं लाल लुगडं. अभ्रे, पडदे, वाट्टेल ते तुकडे चालतील म्हणून सुरुवात झाली होती, पण गोधडीत नवं आणि जुनं कापड एकत्र घातलं की धुतल्यावर नवं आटतं आणि शेजारचं जुनं ओढून फाटतं, तेव्हा सगळी जुनी सुतीच घ्यायची असं आत्याने सांगितलं. ही भाचीची आत्या. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. घरातल्या प्रत्येक लग्नात हळद दळायला पाच सवाष्णी बसत आणि आत्या स्वयंपाकघरात भाजी निवडत असे. कोणी तिला बाहेर बस म्हणत नसे, तीच उठून जात असे. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा पेपरातलं ते पान तिने घडी घालून ठेवलं होतं, हे मला आत्ता कळलं.

पहिला टाका आत्यानेच घातला. तिने आधी थर नीट अंथरले, चारी कोपऱ्यांवर डबे ठेवले, हाताच्या तळव्याने मधली चुणी कडेपर्यंत सारत नेली आणि कच्चे टाके घालून घेतले. मग कडेपासून धावदोरा सुरू केला. टाक्यातलं अंतर तिने बोटाच्या पेरावर मोजलं आणि पुढे न मोजता ते तसंच येत गेलं. इरकलीच्या काठाशी आली तेव्हा सुई अडली, काठ जाड, तर सुईच्या टोकाला साबण लावून तिने ती पार केली. वसईहून मुलाची आई येऊन बसली होती, तिने दुसऱ्या बाजूने टाके धरले. तिचा टाका थोडा लांब पडतो. तो तसाच ठेवायचा, उसवायचा नाही, हे आत्यानेच सांगितलं. विधी काढून टाकण्याचं समर्थन करणारी भाषणं मी आयुष्यात पुष्कळ ऐकली आणि काही केली. त्या दुपारी जे झालं ते कोणत्याच भाषणाने झालं नसतं.

पत्रिका हातकागदावर आहेत. पुण्याची हातकागद संस्था 1940 पासून कापडाच्या चिंध्यांचा असा कागद करत आली आहे. हा कागद शाई पितो, म्हणून छपाईऐवजी ठसे. ठसे भेंडीचे, आणि काम घरातल्या पोरांना. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयारच असतं. मात्र कोवळी भेंडी चालत नाही, तिला तार सुटते आणि ठसा पुसट होतो. जरा जून भेंडी घ्यायची, कापून तोंड पुसून घ्यायचं, थोडी सुकू द्यायची आणि पोस्टर कलर पाणी न घालता लावायचा. दोन पत्रिका सारख्या निघाल्या नाहीत. कोणावर सात फुलं, कोणावर एकच, आणि एकीवर धाकट्याच्या अंगठ्याचा हिरवा ठसा, जो भाचीने मुद्दाम ठेवला.

मंगलाष्टकं ही खरं तर महाराष्ट्राची घरगुती कारागिरी. प्रत्येक घरात एक तरी मावशी किंवा काका असतो जो लग्न ठरलं की वही काढून बसतो. आमच्याकडे ते काम भाचीच्या आजोबांकडे गेलं. भटजींच्या जागी त्यांना दक्षिणा म्हणून चहा. देवांना आवाहन वगळलं तरी शार्दूलविक्रीडित वृत्त वगळायचं नाही, हा त्यांचा हट्ट, आणि तो मला योग्य वाटतो. चाल सगळ्यांच्या कानात बसलेली असते; ती ऐकली की हातातल्या फुलांच्या पाकळ्या आपोआप मुठीत सरसावतात. (अक्षतांच्या तांदळाऐवजी झेंडूच्या पाकळ्या आहेत, तांदूळ भातातच जाणार.) म, स, ज, स, त, त हे गण आणि शेवटी एक गुरू, अशी ओळीत एकोणीस अक्षरं. नावं बसवणं हा त्यातला खरा डाव. समजा नवरीचं नाव अवनी. दोन लघू, एक गुरू, म्हणजे सरळ स गण, ओळीत दोनदा जागा आहे. नवऱ्याचं नाव निखिल असेल तर तीन लघू, आणि लागोपाठ तीन लघू ओळीत एकाच ठिकाणी येतात, नवव्या ते अकराव्या अक्षरावर. तिथेच त्याला उभं करावं लागतं. आजोबा बोटांवर मात्रा मोजत घरभर फिरतात. मुलाच्या चहाच्या नादावर त्यांनी केलेली ओळ सगळ्यांना तोंडपाठ झाली आहे: ‘चाहाचा कप हातचा न सुटतो, ऐसा भला हा वर’. चहाचा चाहा करावा लागला, पण वृत्त सांभाळलं. पुढच्या कडव्यात दोघांनी आळीपाळीने स्वयंपाक करायचा करार आहे. तो मुलाने स्वतः वाचून मान्य केला आणि ‘रविवारी’ हा शब्द बसत नसेल तर ‘रोज’ घाला म्हणाला.

सगळंच असं हसतखेळत बसलं असं नाही. वसईच्या आजीला चर्चमधला आशीर्वाद हवा होता. तिच्या दुःखाला भेंडीचे ठसे हे उत्तर होऊ शकत नाही, आणि कोणी तसं भासवलंही नाही. मुलगा तिच्याजवळ जाऊन बसला, तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि आपला निर्णय बदलणार नाही हेही तिला स्पष्ट सांगितलं. ती तिच्या घरी तिची प्रार्थना करेल. लग्नाला येईल. लाल लुगडं तिने स्वतः धुऊन, घडी करून पाठवलं, आणि आणखी एक आहे, लागलं तर सांगा, असा निरोप दिला. श्रद्धा असलेल्या माणसाला निधर्मी लग्नात जागा हवी आणि ती जागा त्याची श्रद्धा न चेपता मिळायला हवी, एवढं भान मुलांना आहे याचा मला अभिमान वाटतो.

मामाचं काय, हा प्रश्न बरेच दिवस लोंबकळत होता. मुलीला कोणी कोणाच्या स्वाधीन करायचं नाही, दोघं आपापल्या पायांनी शेजारी शेजारी चालत येणार, हे ठरलेलं. मामा सुतारकामात तरबेज. त्याने जुन्या दाराच्या फळ्यांचं एक उतरतं मेज करायला घेतलं आहे. सह्या त्यावर होतील आणि नंतर ते दोघांच्या घरी जाईल. त्याला रंधा मारताना पाहिलं की मानापानाची चर्चा आम्ही इतकी वर्षं कशासाठी केली असं वाटतं.

राहिले मुलाचे वडील. त्यांना शिवता येत नाही, गाता येत नाही, आणि पंगतीत वाढायचं म्हटलं तर गुडघे साथ देत नाहीत. पण त्यांची सारी नोकरी पोस्टात गेली. पाकिटांवरचे पत्ते छापील चिकटपट्ट्यांवर काढायचं चाललं होतं, ते त्यांनी थांबवलं आणि सगळी यादी वसईला मागवून घेतली. आता रोज सकाळी ते निळ्या शाईने पत्ते लिहितात, पिनकोडसकट, आणि जो पिनकोड चुकीचा आहे तो स्वतः दुरुस्त करतात. काल त्यांचा फोन आला होता. आमच्या यादीतल्या तीन जणांचे तालुके लिहायचे राहिले आहेत, ते आज कळवायचे आहेत.