फसवा कोण?

खनिजांना मिळालेल्या नावांपैकी एक नाव मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे. फ्रायबर्ग येथील खनिजशास्त्राचे अध्यापक वेर्नर यांनी १७८६ मध्ये एका फॉस्फेट खनिजास ‘ॲपटाइट’ असे नाव दिले. या नावाचे मूळ ‘फसवणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे. कारण जाणत्यांनीही ते खनिज कधी बेरिल, कधी तुरमली समजून हाती घेतले होते. वस्तुतः फसवणुकीस हेतू लागतो आणि दगडास हेतू नसतो. आपल्या घाईचा दोष आपण पाषाणाच्या माथी मारला, एवढेच. पण मग प्रामाणिकपणे झालेली चूक दोष केव्हा ठरते, हा प्रश्न उरतोच. तो मला पुस्तकात भेटला नाही. बीड जिल्ह्यातील एका विहिरीच्या काठावर भेटला.

काही वर्षांपूर्वी अंबाजोगाईच्या बाजूस बालाघाटच्या डोंगरपट्टीत हिंडत असता एका शेतकरी गृहस्थांनी मला हाक मारली. ऐन उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचे खोलीकरण चालले होते. सुरुंगाने फुटलेल्या काळ्या खडकात एक पोकळी निघाली होती व तिच्यात फिकट हिरवे स्फटिक चमकत होते. “सर, हे काय म्हणायचं?” त्यांनी विचारले.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या आपल्या या खडकात ॲपटाइट असतो. पण बहुधा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या बारीक सुयांच्या रूपाने. पोकळीत नुसत्या डोळ्यांना दिसेल असा स्फटिक सापडणे ही दुर्मिळ गोष्ट. मी चाकू लावून पाहिला. कसाबसा ओरखडा उठला. ॲपटाइटचे काठिण्य पाच, तेव्हा हे जुळले. पूड नत्राम्लात घालून अमोनियम मॉलिब्डेटचे थेंब टाकले, तो द्राव पिवळसर झाला. फॉस्फेटची ही प्रसिद्ध खूण! “हे फार दुर्मिळ खनिज आहे, जपून काढा,” असे मी ठामपणे सांगितले.

परंतु वाचकांपासून एक गोष्ट लपविता येत नाही. तो तुकडा हातात घेतला तेव्हाच तो मला हलका लागला होता. ॲपटाइट पाण्याच्या सुमारे ३.२ पट जड असतो. द्राव पिवळा झाला खरा, पण तळाशी पिवळा साका बसला नव्हता. आणि नुसता पिवळा रंग सिलिकेनेही येतो, हे मी वर्गात शिकवीत आलो होतो. हे सारे मला दिसले होते. दिसूनही मी ते बाजूस सारले, कारण दुर्मिळ वस्तू ओळखल्याचा मान मला हवा होता.

पुढे काही आठवड्यांनी कॉलेजात मी तो तुकडा ज्योतीवर धरला. पापुद्रे सुटून तो उकलू लागला. तो ॲपोफिलाइट होता, पाण्याच्या अवघा २.३५ पट जड. दख्खनच्या खडकात तो ठिकठिकाणी सापडतो, आणि तापविल्यावर त्याची पाने सुटतात म्हणूनच अयुई या फ्रेंच पंडिताने १८०६ मध्ये त्यास ते नाव दिले. एका काडीची ज्योत मी विहिरीवरच दाखविली असती तर?

मी परत गेलो तेव्हा पाऊस लागला होता. स्फटिक फुटतील म्हणून त्या गृहस्थांनी सुरुंग थांबविले होते आणि खोदकामाचा हंगाम निघून गेला होता. मी चूक कबूल केली. ते रागावले नाहीत. म्हणाले, “सर, तवाच म्हणायचं की, नक्की ठाऊक न्हाई म्हणून. मी काम थांबवलं नसतं.”

माझ्या प्रश्नाचे उत्तर या वाक्यात होते. अज्ञानामुळे झालेली चूक क्षम्य होय. परंतु विरुद्ध पुरावा हाती असता तो दृष्टीआड करणे, आणि ज्यास पडताळा घेण्याचे साधन नाही अशा माणसास आपल्या खात्रीहून अधिक खात्री देणे, येथे चुकीचा दोष होतो. कोणी म्हणेल, मग जाणत्याने मौनच धरावे काय? नव्हे, कारण विचारणाऱ्यास निर्णय घ्यावयाचा असतो आणि मौनाने त्याचे काही भागत नाही. काय तपासले, काय तपासले नाही आणि कोणती खूण जुळत नाही, हे तिन्ही सांगावे. निर्णय मग त्याचा त्याला करता येतो.

‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईसच आहे. विवेक या शब्दाचा मूळ अर्थ वेगळे करणे, निवडणे असा आहे. दोन खनिजे वेगळी करण्याची विद्या मी आयुष्यभर शिकविली. पण आपली इच्छा आणि आपला पुरावा यांना वेगळे करणे मला त्या दिवशी जमले नाही. तो तुकडा आजही माझ्या मेजावर आहे. त्याच्या चिठ्ठीवर खनिजाच्या नावाखाली मी त्या विहिरीचा वाया गेलेला उन्हाळाही लिहून ठेवला आहे.