देह, आत्मा आणि वऱ्हाडातील पवित्रतेची शिकवण

बाप्तिस्मा झाला, नवा जन्म लाभला, पापांची क्षमा मिळाल्याची खात्री मनात रुजली, तरीही तोच जुना राग, तीच वासना आणि तोच मत्सर विश्वासी माणसाच्या ठिकाणी पुन्हा डोके वर का काढतात, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचारात पहिल्या शतकापासून विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तर देताना मंडळ्यांमध्ये आजही एकवाक्यता नाही. या प्रश्नाचे मूळ प्रामुख्याने प्रेषित पौलाच्या दोन पत्रांत सापडते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात देह आणि आत्मा यांची इच्छा एकमेकांविरुद्ध असल्याचे तो सांगतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही आणि जे नकोसे वाटते तेच घडते, अशी आर्त तक्रार एका ‘मी’च्या तोंडी येते.

पौलाच्या लिखाणात ‘देह’ म्हणजे हाडामांसाचे शरीर नव्हे. देवाकडे पाठ फिरवून स्वतःच्याच बळावर आणि स्वतःसाठीच जगू पाहणारा संपूर्ण मनुष्य, त्याच्या बुद्धीसह, भावनांसह आणि धर्माचरणासहसुद्धा, या शब्दाने सूचित होतो. गलतीकरांस पत्रात देहाच्या कर्मांची जी यादी येते, तिच्या आजच्या मान्य ग्रीक पाठात पंधरा गोष्टी आहेत, आणि त्यांपैकी वैर, कलह, मत्सर, राग, तट, फूट, पक्षभेद, हेवा अशा आठ गोष्टी माणसामाणसांतील संबंध बिघडवणाऱ्या आहेत. लैंगिक दुराचार आणि मद्यपान यांचा वाटा त्या मानाने लहान आहे. देहाशी झुंज म्हणजे एकांतातील वासनेशी झुंज, अशी जी समजूत उपदेशांतून आणि घरगुती शिस्तीतून पक्की झाली आहे, ती या यादीसमोर टिकत नाही, आणि पुढील सगळ्या विवेचनात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

‘आत्मा’ या संज्ञेबाबत मराठी वाचकाला अधिक सावध राहावे लागते. वेदान्ताच्या संस्कारात वाढलेल्या मनाला आत्मा म्हणजे माणसाच्या अंतरी असलेले, मुळातच निर्मळ असे तत्त्व वाटते, आणि मग देह व आत्मा यांचा संघर्ष म्हणजे मलिन शरीर आणि शुद्ध अंतरात्मा यांचा संघर्ष होऊन बसतो. गलतीकरांस पत्रातील आत्मा मात्र माणसाचा नाही. तो देवाचा पवित्र आत्मा आहे, बाहेरून आलेला आणि विश्वासी माणसात वास करणारा. त्यामुळे या लढाईत माणसाचा एक शुद्ध भाग दुसऱ्या अशुद्ध भागाशी लढत नसतो. सगळाच्या सगळा माणूस दोन सत्तांच्या ओढीत सापडलेला असतो, आणि त्याच्यातील सर्वांत उदात्त वाटणारा भाग, म्हणजे त्याची धर्मनिष्ठा, हीदेखील देहाच्या बाजूला उभी राहू शकते. गलतियातील मंडळी सुंतेच्या आणि नियमशास्त्राच्या आग्रहाने देहाकडेच परत वळत होती, असे पौल म्हणतो तेव्हा त्याचा रोख याच गोष्टीवर असतो. षड्रिपूंच्या कल्पनेशी या विचाराचे साम्य उघड आहे आणि तुकोबांच्या अभंगांतील निर्भय आत्मपरीक्षण मराठी ख्रिस्ती माणसाला जवळचे वाटणे स्वाभाविक आहे. नारायण वामन टिळकांनी तर तुकोबांचे आपल्यावरील हे ऋण मोकळेपणाने मान्य केले होते. फरक एवढाच की रिपू जिंकायचे ते साधनेने, आणि पौलाच्या मते साधना करणारा ‘मी’ हाच अडचणीचा मुख्य भाग आहे.

साधनेने शुद्ध होण्याची ही कल्पना वऱ्हाडातील एका क्षेत्राच्या कथेतही दिसते. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे चिंतामणी गणेशाचे स्थान आहे. अहल्येच्या प्रसंगामुळे गौतम ऋषींचा शाप लागलेला इंद्र येथे, म्हणजे प्राचीन कदंबपुरात, गणेशाची उपासना करून शुद्ध झाला, असे या क्षेत्राची परंपरा सांगते. कामनेतून घडलेले कर्म, त्याचा देहावर उमटलेला परिणाम आणि उपासनेने झालेली मुक्तता असा तिचा गाभा आहे. ज्या भूमीत ख्रिस्ती उपदेशकांनी पाप आणि शुद्धी यांविषयी बोलायला सुरुवात केली, तेथे हा विषय लोकांना नवा नव्हता, हे तिच्यावरून कळते. पौलाचा प्रश्न या कथेच्या शेवटानंतर सुरू होतो: शाप फिटला, कर्माची क्षमा झाली, आता ज्या वृत्तीतून ते कर्म उपजले तिचे पुढे काय?

नेमक्या याच प्रश्नावर विदर्भात दोन भिन्न शिकवणी येऊन पोहोचल्या. कळंबवरून जाणारा रस्ता एका बाजूने यवतमाळला आणि दुसऱ्या बाजूने वर्ध्यावरून नागपूरला जोडतो, आणि ख्रिस्ती विचाराच्या दृष्टीने ही दोन टोके दोन परंपरांची ठाणी होती. नागपुरात १८४० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे काम सुरू केले. त्या प्रेस्बिटेरियन परंपरेची मुळे कॅल्विनच्या विचारात आहेत, आणि तिला प्रमाण असलेली वेस्टमिन्स्टरची विश्वासकबुली स्पष्ट सांगते की विश्वासी माणसाचे पवित्रीकरण, म्हणजे पापापासून सुटून ख्रिस्तासारखे होत जाण्याची प्रक्रिया, या जन्मात अपुरीच राहते आणि देह व आत्मा यांचे युद्ध मरणापर्यंत चालते. यवतमाळ भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काम करणारी फ्री मेथडिस्ट मंडळी ही मात्र जॉन वेस्लीच्या वारशातील होती. संपूर्ण पवित्रीकरण, म्हणजे क्षमेनंतरच्या कृपेच्या दुसऱ्या कार्याने जन्मजात पापवृत्तीपासून याच आयुष्यात शुद्ध होणे, ही तिची शिकवण. बुलढाणा आणि वाशीम भागात आलेले नाझरीन मिशन हीच शिकवण घेऊन आले, आणि अकोला-अमरावतीकडील अलायन्स मिशनही सखोल आत्मिक जीवनाचा आग्रह धरणारे होते. वऱ्हाडाच्या एवढ्या पट्ट्यात पवित्रतेची शिकवण देणारी इतकी मिशने एकवटणे, ही मराठी ख्रिस्ती इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे आणि तिच्याकडे अभ्यासकांनी द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही.

दोन्ही पक्षांचा वाद रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातील ‘मी’ कोण, या प्रश्नावर येऊन थांबतो. ऑगस्टीनने आरंभी हा ‘मी’ कृपेपूर्वीचा, नियमशास्त्राखालील माणूस मानला. पुढे माणूस स्वतःच्या बळावर चांगले वागू शकतो या पेलागियसच्या मताशी झगडताना त्याने आपले मत बदलले, कारण देवाच्या नियमात अंतःकरणापासून आनंद मानणे हे नव्या जन्माशिवाय शक्य नाही, असे त्याला पटले. ल्यूथरने हाच धागा उचलून विश्वासी माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, असे सूत्र मांडले. वेस्लीने उलट बाजू घेतली, आणि त्याच्या बाजूने एक बळकट पुरावा आहे: ज्या वचनांत ही तक्रार येते, त्यांत पवित्र आत्म्याचा उल्लेखच नाही, तो येतो आठव्या अध्यायात, आणि आला की भाषेचा सूरच बदलतो. १९६३ मध्ये क्रिस्टर स्टेंडाल यांनी तर असे दाखवून दिले की स्वतःच्या अंतःकरणाची सतत चिरफाड करणारा पौल हा बराचसा ऑगस्टीन आणि ल्यूथर यांच्या चष्म्यातून दिसलेला पौल आहे. इतके मान्य करूनही गलतीकरांस पत्र वेस्लीच्या अनुयायांना सहज ओलांडता येत नाही, कारण तेथे आत्मा उपस्थित आहे आणि तरीही देह त्याच्याविरुद्ध उभा आहे. वेस्ली स्वतः याबाबत त्याच्या काही अनुयायांपेक्षा सावध होता. नव्या जन्मानंतर विश्वासी माणसात पाप उरते पण राज्य करीत नाही, असे त्याने ठासून सांगितले, आणि परिपूर्णता शक्य असल्याचे शिकवूनही ती आपल्याला लाभल्याचा दावा त्याने केला नाही.

हा वाद केवळ पाश्चात्त्य ग्रंथांचा नव्हता, हे पंडिता रमाबाईंच्या जीवनावरून दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की त्यानंतरची सुमारे आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त मात्र लाभला नव्हता. शास्त्रांचा गाढ व्यासंग आणि अनाथ, विधवा स्त्रियांसाठी अपार कष्ट या दोन्ही गोष्टी असूनही अंतरीचा भार उतरेना, हा अनुभव पौलाच्या विचाराशी तंतोतंत जुळतो, कारण सत्कर्माची धडपडही माणसाला स्वतःवरच टेकवून ठेवू शकते. पुढे १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनात उज्जीवन झाले, तेव्हा मुली रडत, मोठ्याने आपली पापे कबूल करीत तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. या घटनेचे वर्णन बहुधा उत्कट भावनांच्या अंगाने केले जाते. तिचे अधिक मोलाचे अंग हे की ज्यांना समाजाने अपराधी ठरवले होते, त्या स्त्रिया येथे स्वतःच्या पापाविषयी स्वतःच्या शब्दांत बोलत होत्या आणि त्या बोलण्यासाठी त्यांना कोणी शिक्षा करीत नव्हते.

नियमशास्त्र चांगले आहे, पण देहामुळे दुर्बळ आहे, हे पौलाचे विधान या भागात एका उदाहरणाने स्पष्ट होते. कळंबपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांनीही तशाच बंदीसाठी आवाज उठवला आहे. ही मागणी न्याय्य आहे. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातील स्त्रीला कायद्याचा आधार हवाच, आणि पौलाच्या नावाने कायद्याला तुच्छ लेखणे हा त्या स्त्रीवर अन्याय ठरेल. पण कायदा दुकान बंद करू शकतो, तहान बंद करू शकत नाही. माणसाच्या बाहेरचे काहीतरी त्याच्यात आल्याखेरीज ही तहान शमत नाही, आणि या बाहेरून येणाऱ्याला पौल आत्मा म्हणतो.

देहाच्या कर्मांतील निम्म्याहून अधिक कर्मे संबंधांतील आहेत, हे एकदा मान्य केले की मराठी मंडळ्यांसमोरचा खरा कस कोठे आहे, हे उघड होते. जात ही या भूमीत देहाची सर्वांत चिवट कृती आहे. बाप्तिस्म्याने नाव बदलते, पण सोयरीक जुळवताना आणि मंडळीतील पदे वाटताना जुने हिशेब चालू राहतात, आणि ज्यांना व्यभिचाराच्या पापाची लाज वाटते, त्यांना याची वाटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे धार्मिक मोल या संदर्भात फार मोठे आहे. सोवळेओवळे जपणाऱ्या, ख्रिस्ती झालेल्या पतीपासून काही वर्षे दूर राहिलेल्या एका बाईला जातिभेद माणसाने निर्माण केला आहे हे कसे पटत गेले, याचा तेथील वृत्तांत कोणत्याही उपदेशापेक्षा बोलका आहे. त्याच ग्रंथात भक्त आणि कवी म्हणून पूज्य असलेल्या टिळकांचा तापट, उतावळा स्वभावही लक्ष्मीबाई लपवीत नाहीत. पती पवित्र होता की रागीट, असा प्रश्न त्या विचारीत नाहीत. तो दोन्ही होता हे त्या प्रेमाने सांगतात. ल्यूथरच्या सूत्राचे इतके जिवंत मराठी भाष्य दुसरे दाखवता येणार नाही.

येथे दोन्ही परंपरांचे धोके समजून घेणे भाग आहे. युद्ध मरणापर्यंत संपणार नाही, ही शिकवण हळूहळू सबब होऊ शकते. दर रविवारी सामुदायिक पापकबुली म्हटली जाते आणि वर्षानुवर्षांचे भांडण तसेच चालू राहते. संपूर्ण शुद्धीची शिकवण दांभिकपणाकडे नेऊ शकते; पवित्रतेची साक्ष एकदा सभेत दिली की पुढील पतन कोणाला सांगण्याची सोय उरत नाही. या दोहोंत दुसरा धोका अधिक क्रूर आहे, कारण तो प्रामाणिक माणसालाच एकटे पाडतो. तरीही पवित्रतेच्या परंपरेत एक ठेवा आहे, जो तिच्या टीकाकारांनी गमावला. फ्री मेथडिस्ट मंडळी १८६० मध्ये अमेरिकेत स्थापन झाली तेव्हा तिच्या नावातील ‘फ्री’ या शब्दात गुलामांचे स्वातंत्र्य आणि उपासनामंदिरात भाडे भरणाऱ्या श्रीमंतांसाठी राखून ठेवलेल्या आसनांना विरोध, या दोन्ही गोष्टी अभिप्रेत होत्या. पवित्रता म्हणजे गरिबाला पुढच्या बाकावर जागा मिळणे, हा अर्थ तिच्या आरंभीच होता. तो जेथे विसरला गेला, तेथे पवित्रता दागिने, सिनेमा आणि तंबाखू यांच्या निषेधापुरती आक्रसली.

या परंपरा एकमेकींपासून शिकू शकतात, याला विदर्भाचा इतिहास साक्षी आहे. यवतमाळ येथे १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत तीस वर्षे वेगवेगळ्या मंडळ्यांचे भावी पाळक तेथे एकत्र शिकत राहिले. नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली, आणि प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन व इतर परंपरा एका उपासनेत आल्या. पंथभेद, फूट आणि तट ही देहाची कर्मे असतील, तर असे एकत्र येणे हे पवित्रीकरणाचेच अंग मानले पाहिजे, जरी धर्मशास्त्राच्या पुस्तकांत ते मंडळीशास्त्राच्या प्रकरणात टाकले जाते.

पवित्रतेचा आग्रह धरून देहाविरुद्ध उपदेश करणाऱ्या याच मिशनांनी यवतमाळ जिल्ह्यातील उमरी येथे आणि वाशीम येथे रुग्णालये उभारली. शरीराचा तिरस्कार हा त्यांच्या शिकवणीचा भाग असता तर तापाने फणफणलेल्या, बाळंतपणात अडलेल्या शरीरांसाठी एवढा खटाटोप कोणी केला नसता. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल ज्या शेवटच्या मुक्तीची वाट पाहतो, ती शरीरातून सुटका नसून शरीराचीच मुक्ती आहे. तोपर्यंत पापवृत्तीचे निर्मूलन या आयुष्यात पूर्ण होते की मरणाच्या वेळी, एवढ्या एका मुद्द्यावर नागपूर आणि यवतमाळ यांचा मतभेद कायम राहतो.