पाहण्याचा अधिकार

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, ही आपली जुनी समजूत आहे. आपल्या मंडळातील बहुतेक घराण्यांचे पूर्वज चाकरीसाठी वा मोहिमेबरोबर माळव्यात आले; त्यांच्या प्रवासात हौस थोडी आणि गरज अधिक होती. आमच्या पिढीला निवृत्तिवेतन मिळाले, विमानाचे तिकीट आवाक्यात आले आणि हौसेचा प्रवास सुरू झाला. त्याबरोबर एक प्रश्नही आला, त्याचा विचार मात्र फारसा होताना दिसत नाही. पैसे मोजून दूर गेलेल्या मनुष्याला तेथील सर्व काही पाहण्याचा अधिकार असतो काय?

अंदमानात हा प्रश्न टाळता येत नाही. आम्ही उभयता तेथे सहा दिवस होतो. २०१८ पासून स्वराज द्वीप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हॅवलॉक बेटावर राधानगरचा किनारा आहे. पांढऱ्या वाळूच्या मागे उंच, सरळ वृक्षांची भिंत उभी आहे. स्थानिक लोक त्या वृक्षांना समुद्री महुआ म्हणतात. आपल्या मोहाच्याच कुळातले ते झाड. याच बेटाच्या एलिफंट बीचवर साठी उलटल्यानंतर आम्ही प्रथमच तोंडाला नळी आणि डोळ्यांवर मुखवटा लावून समुद्रात डोके घातले. पहिली दोन मिनिटे केवळ भीती होती. मग श्वास लागी लागला आणि खाली पोवळ्यांचे रान दिसले. हिरवा-निळा पोपटमासा पोवळ्यावर चोच घासत होता. तो जे कुरतडतो त्याचीच पुढे वाळू होते, हे वाचून ठाऊक होते. पण ते घडताना पाहणे निराळे. मध्येच पांढरी पडलेली, मेलेली पोवळीही दिसली. २०१० साली समुद्र तापला तेव्हा या बेटांभोवतीच्या पोवळ्यांची मोठी हानी झाली होती. आमची दोरी ओढणारा विशीतला मुलगा सारखा बजावत होता, “अंकल, पैर नीचे मत रखना.” परतताना विमानतळावर सामानात शंख आणि पोवळी शोधतात, तेही योग्यच. पाहावे, पण हात लावू नये, एवढा नियम पोवळ्यांना पुरतो. माणसांना तो पुरतो का, याची शंका दुसऱ्या दिवशी आली.

त्या दिवशी सेल्युलर जेल पाहिले. मराठी मनुष्य तेथे तीर्थयात्रेच्या भावनेने जातो, आणि तात्याराव सावरकरांच्या कोठडीपुढे सर्वांचेच बोलणे थांबते. आमचे लक्ष मात्र इमारतीच्या रचनेकडे अधिक गेले. मधोमध मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात शाखा. आज त्यांपैकी तीन उरल्या आहेत. सुमारे ७०० कोठड्या, आणि प्रत्येक शाखेच्या कोठड्यांचे तोंड पुढच्या शाखेच्या पाठीकडे. पहारेकऱ्याने मनोऱ्यातून सर्वांवर नजर ठेवावी आणि बंदिवानाला दुसऱ्या बंदिवानाचा चेहराही दिसू नये, अशी ही योजना. बाबाराव आणि तात्याराव एकाच तुरुंगात असून बराच काळ त्यांची भेट झाली नाही. एकतर्फी पाहणे हीसुद्धा सत्ता असते, हे येथे विटांत बांधून ठेवलेले आहे.

त्याच संध्याकाळी सहल नेणाऱ्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सांगितला. बाराटांगची चुनखडीची गुहा, खारफुटीतून बोटीचा प्रवास, चिखलाचा ज्वालामुखी. शेवटी आवाज खाली आणून ते म्हणाले, “और किस्मत अच्छी हो, तो जारवा भी दिख जाएँगे.” सकाळी ज्यांचे डोळे पाणावले होते, त्यांपैकी काहींचे डोळे आता चमकले.

जिरकाटांगपासून मिडल स्ट्रेटपर्यंत रस्ता जारवांच्या राखीव अरण्यातून जातो. वाहने पोलिसांच्या देखरेखीत तांड्याने सोडतात. थांबू नये, छायाचित्र घेऊ नये, काही देऊ नये, असे नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये या रस्त्याचा अरण्यातील भाग बंद करण्याचा आदेश दिला होता. रस्ता चालूच राहिला. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाण्याच्या आमिषाने नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर दाखवली गेली. मध्य आणि उत्तर अंदमानात पूर्व बंगालचे निर्वासित व इतर लोक दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. त्यांच्या रुग्णाला याच रस्त्याने न्यावे लागते, आणि त्यांना बोल लावण्याचा हक्क आम्हाला नाही. परंतु हवापालटासाठी आलेल्या मनुष्याची गरज त्या जातीची नाही. आम्ही बाराटांगला गेलो नाही. गुहा सुंदर आहे, असे जाऊन आलेल्यांनी सांगितले.

आमच्या गटातील एका निवृत्त प्राध्यापकांनी हरकत घेतली. माणसांना असे वेगळे ठेवणे म्हणजे त्यांचे संग्रहालय करणे नव्हे काय? औषध, शिक्षण, सडक यांवर त्यांचा अधिकार नाही काय? हरकत वजनदार आहे. १९९८ च्या सुमारास जारवा स्वतःहून वस्त्यांकडे येऊ लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यात गोवराची साथ पसरली, तेव्हा त्यांना रुग्णालयाची गरज लागलीच. तरीही डॉक्टर रोग्याकडे पाहतो आणि प्रवासी खिडकीतून पाहतो, या दोन्ही क्रियांना ‘पाहणे’ हा एकच शब्द आहे, हे मराठीचे दारिद्र्य समजावे. इतिहासही प्राध्यापकांच्या बाजूने बोलत नाही. १८५८ मध्ये इंग्रजांनी तेथे बंदिवानांची वसाहत स्थापली. त्या काळी काही हजार असलेले ग्रेट अंदमानी १९६१ च्या जनगणनेत १९ उरले. मॉरिस पोर्टमन या अधिकाऱ्याने १८८० मध्ये उत्तर सेंटिनल बेटावरून सहा जणांना पकडून आणले. त्यांतील वृद्ध जोडपे लवकरच आजारी पडून मरण पावले, आणि चार मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आले. हाच पोर्टमन पुढे अंदमानी लोकांची उत्तम छायाचित्रे काढणारा म्हणून नावाजला.

त्याच सेंटिनल बेटावर १९९१ मध्ये त्रिलोकनाथ पंडित आणि मधुमाला चट्टोपाध्याय यांच्या पथकाकडून तेथील लोकांनी पाण्यात उतरून नारळ घेतले. मैत्रीचे दार किलकिले झाले होते. तरी काही वर्षांत शासनाने या भेटी बंद केल्या. आमचे आयुष्य सरकारी फायलींत गेले, म्हणून या निर्णयाचे नवल आम्हाला अधिक वाटते. ‘काहीतरी करावे’ असा शेरा मारणे सोपे असते. ‘जाऊ नये’ असा शेरा मारून त्यावर टिकून राहणे फार अवघड. २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण धर्मप्रचारासाठी तेथे उतरला आणि मारला गेला. त्याचे मृत शरीरही परत आणले गेले नाही.

आता घराजवळचे. झाबुआ-अलिराजपूरकडे होळीपूर्वी भगोरिया हाट भरतात. शहरांतून गाड्या भरून लोक जातात, आणि तो केवळ पळून जाऊन लग्न करण्याचा मेळा आहे ही गोष्ट वर्षानुवर्षे छापली जाते. भिल समाजातील शिकलेली मंडळी त्याविरुद्ध सतत बोलत आली आहेत. तरी हाटात आलेला भिल आपल्या पायांनी येतो, ढोल वाजवतो, भाव करतो, आणि नको तेव्हा आपल्याला “हट” म्हणू शकतो. जारवाला ही सोय नाही. आपल्या मित्रमंडळींपैकी काहींनी येत्या फाल्गुनात भगोरियाला जाण्याचा बेत केला आहे. आम्हीही जाणार आहोत. कॅमेरा न्यावा की नाही, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.